वाढवलेली बोट

“तुला येतंय का न्हाई, तेवढं सांग. बाकीचं आमी बघतो.”

आमच्या भागातले एक पुढारी आहेत, लहानथोर सगळे त्यांना साहेब म्हणतात. ते मला हे म्हणाले तेव्हा मी चौसाळ्याजवळ हायवेच्या कडेला एका वर्कशॉपच्या अंगणात उभा होतो. या अंगणात एरवी उसाच्या ट्रॉल्या बनतात. त्या दिवशी तिथे लांबलचक ट्रेलरवर एक पांढरी यॉट उभी होती. यॉट म्हणजे पैसेवाल्यांची हौसेची बोट. ही गोव्याच्या कुणा धनिकाची, लोखंडी धडाची, खाऱ्या पाण्यानं जुनी झालेली. साहेबांनी ती स्वस्तात उचलून आणली होती. ती आमच्या धरणात सोडायची, काठावर पर्यटनाचा बोर्ड लावायचा, आणि माणसं कमी बसतात म्हणून आधी ती लांब करून घ्यायची, असा बेत होता.

मला येत होतं. तिथेच घोळ झाला. येत नसतं तर हात जोडून घरी गेलो असतो आणि आज दुसऱ्या कुणाला तरी शिव्या देत बसलो असतो.

हे मी रागात लिहितो आहे. बायको म्हणाली, राग उतरू द्या, मग लिहा. पण माझा अनुभव असा आहे की राग उतरला की मी पहिल्यांदा स्वतःला माफ करून टाकतो. म्हणून आत्ताच लिहितो.

आयटीआयमधून वेल्डिंग शिकून मी तरुणपणीच गोव्याला गेलो. नदीकाठच्या एका बोटींच्या कारखान्यात माझी निम्मी उमर गेली. नवी बोट बांधण्यापेक्षा जुनी बोट बदलण्याचं काम तिथे जास्त. कुणाला मागच्या बाजूला पाण्यात उतरायला ओटा हवा असायचा, कुणाला मित्रापेक्षा लांब बोट हवी असायची. लांब करायची तर बोट पाण्याबाहेर ओढून ठोकळ्यांवर घ्यायची. कापण्याआधी दोन्ही अर्ध्या भागांना असा आधार द्यायचा की कापल्यावर एकानंही मान टाकता कामा नये. मग मधोमध कापायची आणि मागचा अर्धा भाग रुळांवरून हळूहळू मागे सरकवायचा. त्या फटीतून पलीकडची नदी दिसायची. मग नवा तुकडा मध्ये बसवायचा, फासळीला फासळी, कण्याला कणा. थोडं डावीकडे वेल्डिंग, थोडं उजवीकडे, कारण उष्णतेनं पत्रा ओढला जातो आणि एकाच बाजूला रॉड चालवला तर सगळी बोट केळीसारखी वाकते.

आणि शेवटी, पाण्यात सोडल्यावर, ओळंबा. बोटीच्या आत एक लांब ओळंबा टांगायचा, डेकवरची वजनं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवायची आणि ओळंबा किती सरकतो ते बघायचं. बोट किती ताठ आहे, किती डळमळीत आहे, ते त्यावरून कळतं. रंग बघायला मालक रोज यायचे. ओळंबा बघायला एकही मालक आलेला मला आठवत नाही.

आई गेल्यावर शेताकडे बघायला कुणी उरलं नाही म्हणून मी परत आलो. गावात पारावर विचारलं गेलं, “काय करायचास रं गोव्यात?”

“बोटी वाढवायचो.”

“बोटी वाढायचास? कुणाच्या ताटात बे?”

सगळा पार हसला. मीही हसलो. पण ते मला लागलं होतं. हातात एवढी मोठी कला, आणि या कोरड्या जिल्ह्यात ती कुणाला सांगावी तरी कशी? मी गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या करून पोट भरत होतो. म्हणून साहेबांनी ट्रेलरवरची यॉट दाखवून विचारलं, “कप्तान, येतंय का?” तेव्हा माझी छाती आधी फुगली आणि डोकं नंतर चालू झालं.

डोकं चालू झाल्यावर मला अक्का आठवली.

अक्का माझी थोरली बहीण. धर्मापुरीला दिलेली. नवऱ्याचं दुखणं कायमचं, म्हणून अंबाजोगाईला दवाखान्याच्या रस्त्यावर ती पोळीभाजीची टपरी चालवायची. पेशंटबरोबर आलेली खेड्यापाड्यांतली माणसं तिच्याकडे जेवायची. तिच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीसाठी शिकाऊ डॉक्टरसुद्धा थांबायचे. मग रस्ता मोठा झाला आणि टपरी गेली. जागा शोधून शोधून ती थकली आणि घरी बसली. घरी बसलेली अक्का मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो, आणि ते मला बघवत नव्हतं.

“येतंय,” मी साहेबांना म्हणालो. “पण एक मागणं हाय.”

“माग की.”

“बोटीवरचं कँटीन माझ्या बहिणीला द्या.”

“दिलं! बहिणीला म्हंजी आपल्या घरीच.” साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि बोटीकडे मान वर करून बघितलं. “कँटीन मात्र वर. हितं गच्ची काढायची. मान्सानं पाणी बघत बघत भजी खाल्ली पायजेत. वर सावलीला पत्रा, बाजूनं रेलिंग, कडंला स्पीकर. काय?”

गच्चीचा विषय तेव्हा पहिल्यांदा निघाला. बोटीला मुळात वरचा मजला नव्हता. बोट लांब केली तर ती बिघडत नाही, उलट सुधारते. उंच केली तर बिघडते. माझ्यासारख्या माणसानं हे त्याच क्षणी, तिथंच, मोठ्यानं म्हणायचं असतं. मी म्हणालो, “बघू.”

वर्कशॉपचा मालक माझ्या शाळेतला सोबती. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. या पट्ट्यात त्याच्यासारखी ट्रॉली कुणी करत नाही आणि हे तो स्वतःच दर तासाला सांगतो. बोटीचं कापणं-जोडणं मी माझ्या पद्धतीनंच केलं, त्याच्या पोरांकडून करून घेतलं आणि कुठेही घाई केली नाही. तळात ओतीव लोखंडाच्या विटा रचलेल्या होत्या. बोटीचं बूड जड राहावं म्हणून त्या असतात. कापताना वजन नको म्हणून त्या बाहेर काढून भिंतीशी रचून ठेवल्या. मग बोट कापली. मागचा भाग सरकवला. फटीतून नदीऐवजी हायवे दिसला, आणि हायवेवरून जाणारे ट्रकवाले गाड्या बाजूला लावून बघायला यायला लागले.

अक्का त्या दिवशी डबा घेऊन आली होती. मिस्त्रीच्या फोनवर साहेब विचारत होते, “वाढवली का?” आणि मिस्त्री ओरडून सांगत होता, “वाढवली साहेब, सकाळीच वाढवली!”

अक्का दोन तुकड्यांकडे बघत राहिली. “कावून रं, हिला वाढवली म्हंतेत व्हय?”

“मग काय म्हणायचं?”

“बांगडी वाढवली म्हंजी फुटली. मंगळसूत्र वाढवलं म्हंजी तुटलं. दुकान वाढवलं म्हंजी बंद केलं. चांगल्या घरात फुटलं-तुटलं म्हनत न्हाईत म्हनून वाढवलं म्हंतेत.” तिनं डब्याचं झाकण काढलं. “रस्ता वाढवला तवा माजी टपरी गेली. आता ही कशानं जायाची?”

मिस्त्री हसून लोळायचा बाकी राहिला. “अक्का, ही वाढवून लांब होनार, फुटनार न्हाई. तुमचा भाऊ हाय ना!”

“हाय म्हनून तर इचारते.”

मी तिला जोड दाखवला, तुकडा दाखवला, फासळ्या कशा जुळणार ते सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं. नव्या तुकड्याच्या आतली मोकळी जागा बघून ती म्हणाली, “घरायेवढी जागा झाली की रं ही.” मी अभिमानानं मान हलवली. ते वाक्य मी तेव्हा नुसतं कौतुक म्हणून घेतलं.

जोड उत्तम झाला. आजही त्या जोडाकडे कुणी बोट दाखवू शकत नाही. माझं चुकलं ते त्याच्या पुढे.

मिस्त्रीनं गच्ची उभारली. ट्रॉलीचाच माल वापरला: जाड चौकोनी पाइप, पायाखाली खडबडीत नक्षीची जाड चेकर्ड प्लेट, वर पत्रा. चार हत्ती उभे राहिले तरी हलणार नाही अशी गच्ची. ती मजबूतच होती, त्याबद्दल वाद नाही. पण तिचं वजन मी मनातल्या मनात धरत होतो आणि ते बोटीला झेपणारं नव्हतं. मी साहेबांकडे गेलो. बंगल्यावर माणसांची गर्दी होती. मी म्हणालो, “साहेब, गच्ची जरा हलकी केली तर बरं होईल.”

जरा. बरं. माझ्या तोंडून नकार निघाला तो हा. वीस माणसांचा जीव जाऊ शकतो हे मला कळत होतं, आणि मी ते चहात साखर कमी घाला म्हटल्यासारखं सांगितलं. साहेब म्हणाले, “मिस्त्रीशी बोला.” मिस्त्री म्हणाला, “साहेबांशी बोल.” आणि मी दोघांशी बोललो असं स्वतःला सांगून घरी आलो.

त्याच आठवड्यात विटांचा विषय निघाला. गच्ची चढली म्हणजे तळात जुन्या विटा परत हव्यातच, आणि त्यांत आणखी भर हवी. पण धरणात पाणी उतरलेलं. साहेबांचा जेट्टीचा धक्का जिथे बांधला होता तिथे पाणी इतकं उथळ की जड बोट चिखलात बसली असती. साहेब स्वतः येऊन म्हणाले, “बोट खोल बसली तर मान्सं काय चिखलातनं चढवायची? त्या इटा काय आत घालू नका.”

“साहेब, त्या लागतेत.”

“गोव्याला समुद्र हाय, लाटा हायत. हितं कुठं लाटा हायत बे? धरण म्हंजी ताटातलं पाणी.”

माणसं हसली. मी गप्प बसलो. त्या विटा पुढे धक्क्यावरच्या स्वागत कमानीच्या पायात गेल्या. बोटीचं बूड हलकं झालं आणि कमान भक्कम झाली. आजही ती कमान वादळात हलणार नाही.

मी गप्प का बसलो? अक्कानं दोन मोठ्या कढया, शेगडी आणि गॅसची टाकी घेतली होती. गच्चीवर मिस्त्रीनं तिच्यासाठी स्टीलचा कट्टा केला होता, त्यावर हात फिरवून ती म्हणाली होती, “ह्येला मापात केलंय बघ माज्या.” मी तोंड उघडलं तर गच्ची जाणार, आणि गच्ची गेली की तिचा कट्टा. असं मी स्वतःला समजावलं. ते खरंच होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. साहेबांच्या दारात मला कप्तान म्हणून खुर्ची मिळत होती आणि ती मला सोडवत नव्हती. ओळंबा मी गोव्याहून येताना बरोबर आणला होता. तो मी त्या बोटीत टांगलाच नाही. तो काय सांगेल ते मला माहीत होतं.

क्रेननं बोट पाण्यात सोडली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी तिची पहिली फेरी काढायची ठरली. साहेब आले, त्यांचे कार्यकर्ते आले, स्पीकर चढला. अक्का गच्चीवर भजी तळत होती, पहिल्या घाण्याचा मान साहेबांचा. निघाल्यापासूनच बोट डावीकडे किंचित कललेली होती. डावीकडे काहीच जास्त नव्हतं. अशी उगाच कललेली बोट मी गोव्यात एकदा बघितली होती. तिचं बूड हलकं आणि डोकं जड असतं, म्हणून ती सरळ उभी राहू शकत नाही, कुठल्यातरी एका बाजूला रेलून बसते. अशा बोटीच्या उंच बाजूला चुकूनही वजन घालायचं नसतं. घातलं तर ती सरळ होत नाही. मधली जागा ओलांडून धाडकन दुसऱ्या कुशीवर पडते, आणि पहिल्यापेक्षा जास्त.

हे मला माहीत होतं. आणि त्या वेळी मी कुठे होतो? तळात. गुडघ्यांवर बसून, टॉर्च लावून माझा जोड बघत होतो. त्यावरून बोट फिरवलं, पाण्याचा थेंब नव्हता. मी खूश होतो. खरं सांगतो, मी त्या क्षणी खूश होतो.

वरून मिस्त्रीचा आवाज आला, “कलली साहेब, जरा कलली. काय न्हाई, आत्ता सरळ करतो.”

मग डोक्यावर पोती ओढल्याचा आवाज.

ऊस भरलेली ट्रॉली एका अंगाला कलली तर मिस्त्री काय करतो ते मी शंभर वेळा बघितलं आहे. दुसऱ्या अंगाला मोळ्या चढवायच्या, वरून दोर आवळायचा आणि साखर कारखाना येईपर्यंत ट्रॉली हाकायची. तीच रीत. धक्क्यावर चिखल झाला तर टाकायला म्हणून साहेबांच्या माणसांनी वाळूची पोती बोटीच्या डेकवर आणून ठेवली होती, ती त्यानं माणसांकडून गच्चीवर चढवून उजव्या कडेला लावायला घेतली होती.

“न्हाई! न्हाई! खाली आणा!” मी शिडीकडे धावलो. स्पीकर चालू होता. कुणाला काय ऐकू जाणार?

मी अर्ध्या शिडीवर होतो तेव्हा बोट सरळ झाली. वर कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती थांबली नाही. उजवीकडे गेली, जातच राहिली. माझा हात निसटला आणि मी भिंतीवर आपटलो. वर माणसं एकमेकांवर पडली, स्पीकर पाण्यात गेला, गॅसची टाकी घरंगळत रेलिंगला जाऊन आदळली. उजव्या बाजूच्या खिडक्यांपाशी पाणी आलं, काचेच्या खालच्या कडेला लागलं आणि तिथं थरथरत थांबलं.

स्पीकर बंद पडला होता म्हणून आता माझा आवाज ऐकू गेला. “कुणी हलायचं न्हाई! हाय तिथं बसा! खाली बसा म्हणतो ना, उभं राहू नका! आता मधल्या शिडीनं एकेक खाली या. पळायचं न्हाई. वर उचलल्या बाजूला कुणी जायचं न्हाई.”

साहेबसुद्धा बसले. पांढऱ्या कपड्यांत, चेकर्ड प्लेटवर, मुलासारखे. एकेक करून माणसं तळात उतरली. मी वर जाऊन कलत्या बाजूची पोती एकेक करून खाली देऊ लागलो. मिस्त्री खालून घेत होता. जसजसं वजन खाली गेलं तसतशी बोट हळूहळू उठली.

अक्का कट्ट्याच्या पायाला दोन्ही हातांनी धरून बसली होती. कढई उलटली होती. तिनं वेळेवर मागे उडी मारली म्हणून ती वाचली, तेलाचा एक पट्टा मात्र तिच्या पावलावर आला होता. तिच्या पुढ्यात भजी पसरली होती. ती माझ्याकडे बघत होती.

काठाला लागल्यावर साहेबांना धीर आला. “नारळ फोडायचा राहिला न्हवं, त्याचंच हे,” असं कुणीतरी म्हणालं आणि ते त्यांना पटलं. मिस्त्री म्हणाला, “साहेब, एकाच अंगाला पोती लावली ही चूक झाली. दोन्ही अंगाला सारखी लावू गच्चीवर, म्हंजी हलायची न्हाई.”

“अरे गाढवा!” मी ओरडलो. आयुष्यात मी त्याला असं कधी बोललो नव्हतो. “वर काय बी लावू नको! गच्चीच काढायची हाय. गच्ची काढा, इटा घाला, न्हाईतर ही उद्या मान्सं मारनार. उद्या लेकरंबाळं घेऊन बाया येणार हायत हितं!”

साहेबांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. “गच्ची बांधत होतो तवा कुठं होतास?”

“सांगितलं होतं मी.”

“काय सांगितलं होतंस? ‘जरा हलकी केली तर बरं.’ हेच ना? कप्तान, बहिणीचं कँटीन घेताना तोंड लई मोकळं होतं तुजं. तवा कावून शिवलं होतंस?”

मला राग येतो तो याचा. त्या माणसानं माझ्याबद्दल जे सांगितलं ते खरं होतं, आणि ते खरं सांगून तो मोकळा झाला. गच्ची त्याची, विटा त्यानं काढलेल्या, आणि दोषाची पाटी मात्र माझ्या गळ्यात. जमलेली माणसं माझ्याकडे बघत होती. उद्घाटन ठरल्याप्रमाणे होणार असं सांगून साहेब गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी गॅस कटर घेऊन धक्क्यावर गेलो. मिस्त्री आधीच तिथे होता. त्यालाही झोप लागली नसावी.

“बे, साहेब जीव घेतील.”

“घेऊ दे.”

“तुजा न्हाई घ्यायचे. माजा घेतील. वर्कशॉपची जागा त्येंची हाय.”

मी पहिला खांब कापायला घेतला. तो शिव्या देत गेला आणि जड वजन उतरवायचा साखळीचा चेन ब्लॉक घेऊन आला. “असं कापलंस तर पत्रा माज्या रेलिंगवर पडंल,” तो म्हणाला. “नीट कर, कापायचंच हाय तर.” आम्ही दोघांनी मिळून गच्ची उतरवली. स्टीलचा कट्टा तेवढा शाबूत निघाला. तो काठावर गवतात ठेवला. मग वाळूची पोती तळात, मधोमध, कण्यालगत घट्ट रचली. विटा नाहीत तर नाहीत. बोट पाण्यात सरळ बसली. वर्कशॉपची पोरं बोलावून बसवली, उठवली, एका बाजूला गोळा करून बघितली. कललेली बोट आपसूक परत येत होती.

अक्का त्याच वेळी जीपमधून उतरली. पायाला फडकं बांधलेलं, हातात नवी कढई. गवतातला कट्टा बघितला, बोट बघितली. कढई जीपमध्ये परत ठेवली आणि गेली.

उद्घाटनाच्या वेळी साहेबांनी भाषणात सांगितलं की लोकांच्या जिवाशी खेळ नको म्हणून त्यांनी स्वतः उभं राहून गच्ची काढायला लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कमानीखाली उभा होतो. मला त्या कमानीला लाथ मारावीशी वाटली. मारली नाही.

बोट आता रोज चालते. गर्दी असते. मी तिच्यात पुन्हा चढलो नाही.

काल मी धर्मापुरीला गेलो. अक्का जमिनीवर बसून शेंगा फोडत होती. मी तिच्यापुढे बसलो आणि मनात साठलेलं सगळं ओकलो. साहेबांचं भाषण, मिस्त्रीचं डोकं, त्या विटा, ती कमान, ती खुर्ची. माझं गप्प बसणंही सांगितलं. मला वाटलं होतं ती एकतर रडेल, नाहीतर माफ करेल.

“झालं का?” ती म्हणाली.

“झालं.”

“मग आता माजं ऐक. माज्यासाठी म्हनून तू गप बसलास. मला इचारलंस? मग मान्सांसाठी म्हनून गच्ची कापलीस. तवा इचारलंस?”

“गच्ची ठेवता येतच नव्हती, अक्का.”

“गच्ची कुनी मागितली होती? त्यो साहेबाचा शौक. तू मधी घातल्याला तुकडा, त्येच्या आत केवडी जागा हाय? मी बघितली होती त्याच दिवशी. थितं खाली शेगडी बसत न्हवती का?”

बसत होती. नुसती बसत नव्हती, चांगली बसत होती. तळाला, मधोमध, बाजूला खिडकी, बोटीला वजन खाली हवंच होतं. मी ती जागा स्वतःच्या हातानं केली होती आणि मला दिसली नव्हती, कारण साहेबांनी गच्ची म्हटल्यावर माझं डोकंही गच्चीवरच राहिलं. ठेवायची की काढायची, एवढंच.

“बसत होती,” मी म्हणालो.

“आता काय हाय थितं?”

मला माहीत होतं. साहेबांच्या पुतण्यानं आइस्क्रीमचा फ्रीज ठेवला आहे. मी सांगितलं. तिनं शेंगांची टरफलं सुपात गोळा केली आणि उठली, अजून थोडी लंगडत.

“मी साहेबाकडं जाते उद्या. कँटीन दिलं म्हनला होता, चारचौघांत. गच्चीवर दिलं, खाली दिलं, मला काय त्येचं.”

“मी येतो संगं.”

“तू येऊ नको.” ती आत जाता जाता थांबली. “तू आलास तर एकतर गप बसशील, न्हाईतर काईतरी कापशील.”

ती आज सकाळच्या एसटीनं गेली आहे. अजून फोन आलेला नाही.